टॅक्सचं सॉफ्टवेअर बदलताय? आधी मागच्या वर्षाची वही हातात घ्या

पुण्यात किंवा नागपुरात नोकरी करताना ज्यांनी स्वतः रिटर्न भरलं आहे, त्यांना एक सवय लागलेली असते. आयकर विभागाच्या पोर्टलवर पॅन टाकून आत गेलं की पगार, बँकेचं व्याज, कापलेला टीडीएस यातलं बरंचसं आधीच भरलेलं दिसतं. गेल्या वर्षीचं रिटर्न सीएने भरलं की एखाद्या वेबसाइटवरून भरलं, याने फारसं बिघडत नाही, कारण हिशेबाची वही विभागाकडे असते. अमेरिकेत ती वही तुमच्या सॉफ्टवेअरच्या पोटात असते. आयआरएसकडे, म्हणजे तिथल्या आयकर विभागाकडे, तुमचा डब्ल्यू-२ (पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) पोचतो, ब्रोकरचा १०९९ (शेअर्स, लाभांश वगैरेंचा दाखला) पोचतो, पण भरलेला फॉर्म कुणी तुमच्यापुढे आणून ठेवत नाही. आयआरएसने स्वतःची ‘डायरेक्ट फाइल’ ही सोय २०२४ मध्ये १२ राज्यांत सुरू केली, २०२५ मध्ये ती २५ राज्यांत गेली, आणि २०२६च्या हंगामापासून बंद झाली. म्हणून टर्बोटॅक्स, एच अँड आर ब्लॉक, फ्रीटॅक्सयूएसए, टॅक्सअ‍ॅक्ट यांपैकी कुणाचं तरी बोट धरावं लागतं. ते सोडून दुसऱ्याचं धरलं की वही आपोआप मागून येत नाही.

हा लेख अशा मराठी मंडळींसाठी आहे जी इथे दोन-चार वर्षांपूर्वी आली, पहिली रिटर्न्स कशीबशी भरली, आणि आता पहिल्यांदाच सॉफ्टवेअर बदलणार आहेत. कारणं वेगवेगळी असतात. कुणाला राज्याच्या रिटर्नचे पैसे जास्त वाटतात. कुणाचा संगणक अजून विंडोज १० वर आहे आणि टर्बोटॅक्सची २०२५ सालासाठीची डेस्कटॉप आवृत्ती त्यावर चालत नाही. विद्यार्थी म्हणून आलेल्यांना तर बदल करावाच लागतो, त्याबद्दल पुढे लिहितो.

मी पहिल्यांदा सॉफ्टवेअर बदललं तेव्हा नव्या कार्यक्रमाने जुनी पीडीएफ आनंदाने उचलली. नाव आलं, पत्ता आला, मुलीची जन्मतारीख आली. सगळं आलं असं समजून मी पुढे गेलो. शेअर्सचा मागून ओढत आणलेला तोटा मात्र आला नव्हता, आणि ते माझ्या लक्षात आलं पुढच्या वर्षी. १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून ते निस्तरता आलं, कारण अशा दुरुस्तीने परतावा मागायला साधारण तीन वर्षं मिळतात. पण त्या दोन आठवड्यांत जुने कागद शोधताना जे शिकलो तेच इथे सांगतो आहे.

पायरी १: साल निवडा

ज्या वर्षी घर विकलं, राज्य बदललं, किंवा व्हिसाचा दर्जा बदलला, त्या वर्षी शक्यतो सॉफ्टवेअर बदलू नका. एका वेळी एकच गोष्ट नवी असावी. पगार, थोडं व्याज, थोडे शेअर्स असं साधं वर्ष असेल तर ते बदलायला उत्तम. आणि काम फेब्रुवारीत सुरू करा. डब्ल्यू-२ जानेवारीअखेर यायला हवा, ब्रोकरचा १०९९-बी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत येतो. १५ एप्रिलच्या आदल्या रात्री नवं सॉफ्टवेअर उघडणाऱ्याला तपासायला वेळच राहत नाही.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांची गोष्ट वेगळी. पहिली पाच कॅलेंडर वर्षं त्यांचे इथले दिवस वास्तव्याच्या हिशेबात धरले जात नाहीत, म्हणून ते १०४०-एनआर हा अनिवासींचा फॉर्म भरतात. हा फॉर्म टर्बोटॅक्स किंवा फ्रीटॅक्सयूएसए भरत नाही. त्यासाठी बहुतेक विद्यापीठं स्प्रिंटॅक्स या सॉफ्टवेअरकडे पाठवतात. पुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा झाला आणि वास्तव्याची कसोटी पूर्ण झाली की १०४० हा निवासींचा फॉर्म भरायचा आणि नेहमीच्या सॉफ्टवेअरकडे यायचं. कसोटी अशी: या वर्षाचे निदान ३१ दिवस हवेत, आणि या वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षीच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षीच्या दिवसांचा एक षष्ठांश मिळून १८३ व्हायला हवेत. ही मोजणी स्वतः कागदावर करा. नेहमीचं सॉफ्टवेअर तुम्हाला अडवणार नाही, तुम्ही निवासी आहात असं गृहीत धरून ते चुकीचा फॉर्मही सुबकपणे भरून देईल.

पायरी २: जुन्या घरातून सामान बाहेर काढा

नवं खातं उघडण्याआधी जुन्यात जा आणि मागच्या किमान तीन वर्षांची रिटर्न्स उतरवून घ्या. इथे बारकावा आहे. सॉफ्टवेअर दोन प्रकारच्या पीडीएफ देतं. एकात फक्त आयआरएसला पाठवलेले फॉर्म असतात. दुसऱ्यात त्यांच्यासोबत सगळी वर्कशीट्स असतात, म्हणजे आकडे कसे आले याची कच्ची आकडेमोड. तुम्हाला दुसरी हवी. घसाऱ्याचा (इमारतीची किंमत दर वर्षी थोडी थोडी वजा करण्याचा) तक्ता, पुढच्या वर्षांत ओढलेल्या तोट्याचा हिशेब, भाड्याने दिलेल्या घराचा अडवून ठेवलेला तोटा हे बहुधा त्या कच्च्या पानांवरच सापडतं. माझी २०१९ची ती पीडीएफ शंभराहून जास्त पानांची आहे. छापू नका, पण जपून ठेवा.

डेस्कटॉप आवृत्ती वापरत असाल तर डेटा फाइलही घ्या. टर्बोटॅक्सच्या फाइलच्या नावाला त्या सालाचं शेपूट असतं, आणि ती पुन्हा उघडायला त्याच सालचा कार्यक्रम लागतो. पाच वर्षांनी नव्या लॅपटॉपवर तो असेलच असं नाही. म्हणून डेटा फाइल ही सोय समजा, पीडीएफ हा पुरावा.

राज्याचं रिटर्न वेगळं उतरवा. घाईत हेच राहून जातं.

जुनं खातं उघडतच नसेल, किंवा रिटर्न भरून देणारे गृहस्थ आता फोन उचलत नसतील, तर आयआरएसच्या संकेतस्थळावर ओळख पटवून ‘ट्रान्सक्रिप्ट’ फुकट मिळतं. त्यावर गेल्या वर्षीच्या मुख्य ओळी असतात. वर्कशीट्स नसतात, राज्याचंही काही नसतं. अडल्या वेळी मात्र ते पुरतं.

पायरी ३: गेल्या वर्षीचा एजीआय

सॉफ्टवेअर बदलणाऱ्यांची रिटर्न्स सगळ्यात जास्त या एका आकड्यावर अडतात. इलेक्ट्रॉनिक रिटर्न पाठवताना तुम्ही तुम्हीच आहात हे पटवायला आयआरएस गेल्या वर्षीचा एजीआय विचारतं, म्हणजे समायोजित एकूण उत्पन्न. जुनं सॉफ्टवेअर तो स्वतःच भरत होतं, म्हणून तुम्हाला कधी दिसला नाही. नव्याला तो माहीत नाही. २०२४च्या फॉर्म १०४० वर तो ओळ ११ वर आहे, १०४०-एनआर वरही ओळ ११ वरच.

काही खाचखळगे:

गेल्या वर्षी नवराबायकोने एकत्र भरलं असेल तर दोघांच्या रकान्यात तोच पूर्ण आकडा येतो. अर्धा-अर्धा करायचा नाही. गेल्या वर्षी तुम्ही एकटे भरत होता आणि पत्नी लग्नानंतर एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आली, तिने इथे कधी रिटर्नच भरलेलं नाही, तर तिच्या रकान्यात शून्य. गेल्या वर्षीचं रिटर्न दुरुस्त केलं असेल तरी मूळ रिटर्नवरचाच आकडा टाका. कागदी रिटर्न पाठवलं होतं आणि ते अजून तपासून झालेलं नाही, तर तिथेही शून्य.

आकडा चुकला तर रिटर्न फेटाळलं जातं आणि आयएनडी-०३१-०४ असा कोड येतो. जोडीदाराच्या आकड्यासाठी आयएनडी-०३२-०४. घाबरण्यासारखं काही नाही, दंड नाही. आकडा सुधारून परत पाठवायचं. मुदतीत पाठवलेलं रिटर्न मुदतीच्या तोंडावर फेटाळलं गेलं तरी पाच दिवसांत दुरुस्त करून पाठवल्यास ते वेळेवरच धरतात. आयआरएसकडून सहा आकडी ‘आयपी पिन’ घेतला असेल तर एजीआयची गरजच राहत नाही. तो पिन कुणीही मागू शकतं आणि ओळखचोरीपासूनही तो राखतो. मी घरातल्या सगळ्यांसाठी घेतला आहे.

पायरी ४: पुढे ओढायच्या आकड्यांचा कागद

एक कोरा कागद घ्या. जुनी पीडीएफ उघडा. पुढचे आकडे एकेक करून हाताने लिहा. नवं सॉफ्टवेअर काय उचलेल काय नाही याच्या भरवशावर हे सोडू नका. सगळे आकडे सगळ्यांना लागणार नाहीत, पण सगळे तपासा.

शेअर्सचा तोटा. एका वर्षी पगारासारख्या उत्पन्नातून जास्तीत जास्त ३,००० डॉलर वजा होतात (नवराबायको वेगवेगळं भरत असतील तर प्रत्येकी १,५००), उरलेला तोटा पुढच्या वर्षी जातो. तो अल्पकालीन आणि दीर्घकालीन असा वेगळा न्यावा लागतो, आणि गडबड इथेच होते. समजा कंपनीचे शेअर्स पडले आणि गेल्या वर्षी शेड्यूल डी या शेअर्सच्या नफा-तोट्याच्या फॉर्मवर ओळ ७ वर अल्पकालीन तोटा ४,२०० आणि ओळ १५ वर दीर्घकालीन तोटा ९,८०० होता. एकूण १४,०००. त्यातले ३,००० वापरले गेले, आणि ते आधी अल्पकालीन तोट्यातून जातात. म्हणजे पुढे न्यायचे अल्पकालीन १,२०० आणि दीर्घकालीन ९,८००, मिळून ११,०००. या वर्षीच्या शेड्यूल डीवर ते अनुक्रमे ओळ ६ आणि ओळ १४ वर येतील. अनेकजण १४,००० लिहून मोकळे होतात, किंवा सगळं दीर्घकालीनच्या रकान्यात टाकतात. गेल्या वर्षी करपात्र उत्पन्न शून्यावर आलं असेल तर हिशेब थोडा बदलतो. तेव्हा शेड्यूल डीच्या सूचनांमधलं वर्कशीट ओळीओळीने भरा.

फॉर्म ८६०६, ओळ १४. बॅकडोअर रॉथ करणाऱ्यांनी, म्हणजे आधीच कर भरलेले पैसे पारंपरिक आयआरए या निवृत्तीच्या बचत खात्यात टाकून मग रॉथ या दुसऱ्या प्रकारच्या खात्यात हलवणाऱ्यांनी हे थांबून वाचावं. आयआरएमधल्या किती पैशांवर कर भरून झाला आहे याची एकमेव नोंद या ओळीवर असते. पुढच्या ८६०६ वर ती ओळ २ वर येते. ती रिकामी राहिली तर त्याच पैशावर दुसऱ्यांदा कर बसेल आणि सॉफ्टवेअर तक्रारही करणार नाही. हा फॉर्म दर वर्षी भरावा लागत नाही. त्यामुळे गेल्या वर्षीच्या पीडीएफमध्ये दिसला नाही म्हणून सोडू नका, शेवटचा कधी भरला तिथवर मागे जा. नवराबायकोचे फॉर्म वेगवेगळे असतात.

भाड्याच्या घराचा घसारा. पीडीएफमधून हा सहसा नीट येत नाही. नव्या ठिकाणी घर पुन्हा नोंदवावं लागतं: भाड्याला कधी दिलं ती तारीख, इमारतीची किंमत, जमिनीची वेगळी किंमत (जमिनीवर घसारा नाही), पद्धत, आणि आजवर घेतलेला एकूण घसारा. अमेरिकेतलं राहतं घर भाड्याने दिलं तर इमारतीची किंमत साडेसत्तावीस वर्षांवर पसरते. इमारत ३,३०,००० डॉलरची असेल तर वर्षाला १२,०००. जुलै २०२२ मध्ये दिलं असेल तर पहिल्या वर्षी साडेपाच महिन्यांचे ५,५००, पुढची दोन वर्षं १२,०००, म्हणजे २०२४अखेर २९,५००. हा आकडा जुन्या तक्त्याशी जुळायला हवा. एक-दोन डॉलरचा फरक असला तर हरकत नाही.

पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिला असेल तर त्याचं भाडंही इथे दाखवावं लागतं, आणि त्याचा घसारा वेगळ्या गतीने जातो. २०१८ किंवा त्यानंतर भाड्याला दिलेल्या परदेशी घराला ३० वर्षं, त्याआधीच्या घराला ४०. नवं सॉफ्टवेअर अनेकदा साडेसत्तावीसच धरून चालतं. ते हाताने बदला. फ्लॅटची किंमत खरेदीच्या तारखेच्या विनिमय दराने एकदाच डॉलरमध्ये केलेली असते, तोच आकडा पुढे न्या. आजच्या दराने नव्याने करू नका. आणि घसारा घेतलाच नाही तर? घर विकताना तो घेतला असं धरूनच नफा काढतात, म्हणून तो सोडून देण्यात तोटा तुमचाच आहे.

भाड्याचा अडलेला तोटा, फॉर्म ८५८२. एजीआयमध्ये ठरावीक फेरबदल करून येणारं उत्पन्न १,५०,००० डॉलरच्या वर असेल तर भाड्याचा तोटा सहसा पगारातून वजा होत नाही. तो साठत जातो आणि पुढे भाड्यात नफा झाला किंवा घर विकलं की कामाला येतो. दोघेही नोकरी करणाऱ्या घरांत हा साठा दहा वर्षांत मोठा होतो. प्रत्येक घराचा वेगळा आकडा वर्कशीटवर असतो. तो लिहून घ्या.

परदेशी कराचं उरलेलं क्रेडिट, फॉर्म १११६. भारतातलं घर विकून तिकडे भरलेला कर इथल्या मर्यादेपेक्षा जास्त झाला तर उरलेला दहा वर्षं पुढे नेता येतो. २०२१ पासून त्यासाठी १११६ची वेगळी शेड्यूल बी आहे. कोणत्या सालचा, कोणत्या प्रकारचा, किती उरला हे तिथून उतरवा.

बाकीचं भरभर: परतावा न घेता या वर्षाच्या करात वळवला असेल तर तो गेल्या वर्षीच्या १०४०च्या ओळ ३६ वर दिसेल. गेल्या वर्षीचा एकूण कर ओळ २४ वर असतो. कमी ॲडव्हान्स कर भरल्याचा दंड लागतो का ते त्यावरून ठरतं (एजीआय १,५०,००० डॉलरच्या वर असेल तर गेल्या वर्षीच्या कराच्या ११० टक्के भरलेले असले की दंड नाही). राज्याकडून परतावा आला असेल तर गेल्या वर्षी स्टँडर्ड डिडक्शन घेतलं होतं की खर्च एकेक दाखवले होते ते लिहा. स्टँडर्ड घेतलं असेल तर त्या परताव्यावर केंद्राचा कर नाही.

पायरी ५: आयात करा, मग कागदाशी ताडा

आता नवं खातं उघडा आणि जुनी पीडीएफ द्या. फोनने काढलेला फोटो नको, सॉफ्टवेअरमधून उतरवलेली मूळ पीडीएफच द्या. सुरुवातीला तुमची माहिती इतर कामांसाठी वापरू का, अशी परवानगी विचारणारं पान येतं. नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, रिटर्न भरायला त्याने काही अडत नाही.

आयात झाली की नवं काहीही भरण्याआधी कागद काढा आणि एकेक आकडा शोधा. आला असेल तर टिक, नसेल तर हाताने भरा. सोशल सिक्युरिटी नंबर, आयटीआयएन (तो नसलेल्यांना मिळणारा करदाता क्रमांक) आणि परतावा येणारं बँक खातं अक्षरशः बोट ठेवून वाचा. बंद केलेल्या खात्याचा नंबरही निष्ठेने सोबत येतो.

पायरी ६: राज्याचे नियम वेगळे

न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं: न्यू जर्सी शेअर्सचा तोटा पुढे नेऊ देत नाही, पेनसिल्व्हेनियाही नाही. वरच्या उदाहरणातले ११,००० केंद्राच्या रिटर्नवर आहेत, न्यू जर्सीची राजधानी ट्रेंटनच्या दारात ते शून्य. कॅलिफोर्निया तोटा पुढे नेऊ देतं, पण एचएसए या आरोग्यखर्चाच्या बचत खात्यातले पैसे तिथे करमुक्त नाहीत, न्यू जर्सीतही नाहीत. नव्या सॉफ्टवेअरच्या राज्याच्या भागात हे बरोबर उतरलं का ते जुन्या राज्य-रिटर्नशेजारी ठेवून बघा.

पायरी ७: दोन्हीकडे भरून बघा

पहिल्या वर्षी मी सगळ्यांना हे करायला लावतो. बहुतेक ऑनलाइन सॉफ्टवेअर पैसे मागण्याआधी परताव्याचा आकडा दाखवतं. तेव्हा या वर्षाचं रिटर्न जुन्यातही भरा, नव्यातही भरा, आणि पाठवू कुठूनच नका. दोन्हीकडचा एजीआय, करपात्र उत्पन्न, एकूण कर आणि परतावा शेजारी लिहा. एक-दोन डॉलरचा फरक पूर्णांकामुळे पडतो. त्याहून जास्त असेल तर कारण सापडेपर्यंत थांबा. एजीआयमध्येच फरक असेल तर शेअर्स किंवा भाडं बघा. तिथे जुळून करात फरक असेल तर वजावटी आणि लाभांश बघा. एका संध्याकाळचं काम आहे. वेळ कमी पडत असेल तर फॉर्म ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत घ्या, पण लागणारा कर अंदाजाने १५ एप्रिललाच भरा, कारण मुदतवाढ कागदाला मिळते, पैशाला नाही.

नवं सॉफ्टवेअर काय करणार नाही तेही आत्ताच पाहून घ्या. भारतातले म्युच्युअल फंड असतील तर लागणारा फॉर्म ८६२१ घरगुती सॉफ्टवेअरमध्ये सहसा नसतो. तिथे जाणकार माणूस गाठा. आणि भारतातल्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर लागणारा एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अहवाल, हा रिटर्नचा भागच नाही. तो फिनसेन या सरकारी विभागाच्या संकेतस्थळावर वेगळा भरायचा असतो.

पायरी ८: पाठवा आणि लगेच उतरवून घ्या

एकाच सॉफ्टवेअरमधून पाठवा आणि दुसऱ्यातला मसुदा पुसून टाका, म्हणजे चुकून दोनदा जायला नको. ‘स्वीकारलं’ असा निरोप साधारण एक-दोन दिवसांत येतो, केंद्राचा आणि राज्याचा वेगळा. दोन्ही आले की त्याच दिवशी वर्कशीट्ससकट पीडीएफ, राज्याचं रिटर्न आणि तुमच्या त्या हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा, नाव सालाचं द्या. मग कागदाच्या मागच्या बाजूला पुढच्या वर्षी न्यायचे आकडे लिहा: नवा एजीआय, उरलेला तोटा, ८६०६ची ओळ १४, एकूण घसारा. जोडीदारालाही तो फोल्डर कुठे आहे ते दाखवा.